भट्टीची खपली

"मॅडम, मिस्त्रीला आम्ही बदलतोय," दिघे साहेबांनी भट्टीच्या दारातून आत डोकं घालून सांगितलं.

मी आत उभी होते. बंद भट्टीत. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, बुटांखाली विटांचा चुरा. दोन दिवस थंड होऊनसुद्धा आतली हवा तापल्या तव्यावर हात धरल्यासारखी भाजत होती. आणि दिघे साहेबांच्या मागे, चार पावलांवर, गायकवाड मिस्त्री उभे होते. त्यांना ऐकू जावं अशाच बेताने साहेब बोलले होते. मला ते अजिबात आवडलं नाही.

"का बदलताय?" मी विचारलं.

"का म्हणजे? शहाण्णव हीटमध्ये लायनिंग गेली. त्याच्या आधीची एकशे दोनला गेली. पूर्वी एकशे ऐंशीच्या खाली कधी गेली होती का? विटा त्याच, भट्टी तीच, मेल्टर तोच. मग उरलं कोण? विटा बसवणारा. तळोज्याचा एक कॉन्ट्रॅक्टर आहे, स्वतःची गँग घेऊन येतो. बोलणं झालंय माझं."

"मिस्त्री सात महिन्यांनी रिटायर होतायत, साहेब."

"म्हणूनच म्हणतो. सात महिने घरीच बसू दे त्यांना. हात चालत नाहीत आता."

मिस्त्रींनी हे ऐकलं. हातातला लाकडी हातोडा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने पुसला, खरं तर पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. अडतीस वर्षं या माणसाने या एकाच भट्टीच्या विटा बसवल्या होत्या. मी कॉलेजातून नवीन लागले तेव्हा वीट हातात कशी धरायची हे मला पुस्तकाने नाही, या माणसाने शिकवलंय. त्यांना 'हात चालत नाहीत' असं चारचौघांत ऐकवून घरी पाठवायचं? माझं डोकं सटकलं.

पुढचं सांगण्याआधी आमचा धंदा सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई विटांवरून एवढी का तापते.

मी रिफ्रॅक्टरीवाली आहे. आमच्या कांदिवलीच्या आत्याला तीस वर्षांत हे समजलेलं नाही. ती लग्नकार्यात सगळ्यांना सांगते, आमची वंदना विटा विकते. चुकीचं नाही म्हणा. फक्त या विटा घराच्या नाहीत, भट्टीच्या. आमचं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, मी राहते घाटकोपरला, आणि ज्या फाउंड्रीची ही गोष्ट आहे ती भांडुपला, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत त्यांच्या मधोमध. दिघे साहेब तिथले मॅनेजर. तिथे विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करतात आणि त्याचे मोठमोठे पंप, व्हॉल्व्ह ओततात.

विजेची भट्टी म्हणजे एक मोठं पोलादी पातेलं समजा. वर झाकण. झाकणातून तीन जाडजूड ग्राफाइटचे दांडे आत उतरतात, ते इलेक्ट्रोड. वीज सोडली की दांडा आणि भंगार यांच्या मधे आगीचा झोत पेटतो, त्याला आर्क म्हणतात. भंगाराचं पाणी होतं, सोळाशे डिग्रीच्या वरचं. आता गंमत बघा. पातेलंही पोलादाचंच. आतल्या रसाबरोबर तेही वितळायला हवं. वितळत नाही, कारण मधे आमची वीट उभी असते. एक वीत जाडीची, मॅग्नेशिया आणि ग्राफाइटची काळी वीट. अशा विटांचं आतलं अस्तर म्हणजे लायनिंग. आत सोळाशे डिग्री आणि बाहेर माणसं चहा पितायत, ते त्या एक वीत जाडीच्या भरवशावर. मला या गोष्टीचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

भंगार भरलं, वितळवलं, रस ओतला, की झाली एक हीट. विटांचं वय वर्षांत नाही, हीटमध्ये मोजतात. वीट झिजणारच. न झिजणारी वीट विकतो म्हणणारा माणूस थापाड्या समजा. ती किती सावकाश झिजते एवढाच प्रश्न असतो.

"साहेब, आत या," मी म्हटलं.

"मी? आत?"

"या ना. भाजणार नाही."

दिघे साहेब शर्ट सांभाळत आत आले. मी उरलेल्या विटांवर टॉर्च मारला. एक वीत जाडीची वीट, चार बोटं उरली होती. पण दोन विटांमधले सांधे अजून घट्ट होते. या विटा सिमेंट न लावता कोरड्या बसवतात. सांध्यात पोस्टकार्ड शिरता कामा नये, ही गायकवाड मिस्त्रींची परीक्षा. पोस्टकार्ड आता कुणी लिहीत नाही, पण त्यांच्या खिशात अजून एक असतं.

"बसवणं खराब असतं तर आधी सांधा खाल्ला गेला असता," मी म्हटलं. "मग आख्खी वीट सुटून पडली असती. इथे सांधा शाबूत आहे आणि वीट तोंडाकडून झिजलीय. यात मिस्त्रींचा काय दोष?"

"मग तुमच्या विटांचा दोष?"

"तपासणीला पाठवते. पण मला नाही वाटत."

"मॅडम, मला कारण पाहिजे. मिस्त्री नाही, विटा नाही, मग काय भुताने खाल्ली?"

"पंधरा दिवस द्या. ही लायनिंग मिस्त्रींनाच बसवू दे. पंधरा दिवसांत कारण नाही सापडलं तर तुमचा तळोजावाला आणा, आणि विटाही दुसऱ्या कुणाकडून घ्या."

हे शेवटचं वाक्य मी साहेबांना विचारून नाही बोलले. म्हणजे माझ्या साहेबांना, प्रधान सरांना. तोंडातून गेलं ते गेलं.

दिघे साहेब गेल्यावर मिस्त्री आत आले. भिंतीवरून हात फिरवला.

"कशाला शब्द टाकला मॅडम माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही, विटांसाठी टाकलाय."

ते हसले नाहीत. "गावाकडं, परभणीला, माझा भाऊ सांगत फिरतो, आमचा रामचंद्र मुंबईत पोलादाची भट्टी सांभाळतो. सात महिने घरी बसलो तर त्याला काय सांगू? पगाराचं सोडा. नाव जातं हो."

माझ्या विटांच्या आधी त्यांचं नाव वाचवायचं, हे तिथेच ठरलं.

बाहेर पडण्याआधी मी आणखी एकदा टॉर्च फिरवला आणि एक गोष्ट नजरेत आली. भट्टीच्या दाराला लागून, आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची भिंत होती. तिथल्या विटा चांगल्या जाड होत्या. आणि त्यांच्यावर तपकिरी, चकचकीत स्लॅगची साय जमलेली. बाकी भिंत मात्र कोरडी, राखाडी, उघडी. हे विचित्र होतं. मी फोटो काढले आणि बाकीच्या कामात ते मागे पडलं.

स्लॅग म्हणजे रसावर येणारी मळी. आमटीवर फेस येतो तशी. चुना आणि भंगारातली घाण मिळून ती बनते. भट्टीच्या विटांचा हा पहिला वैरी. स्लॅग भुकेलेला असेल तर तो विटांतला मॅग्नेशिया खातो. म्हणून चुना, डोलोमाइट घालून त्याचं पोट आधीच भरतात. दुसरा वैरी आर्क. इलेक्ट्रोड भिंतीला जिथे सगळ्यात जवळ, तिथे झळ जास्त, तिथे वीट लवकर जाते. तिसरी हवा. विटेतला ग्राफाइट म्हणजे शेवटी कोळशाचाच भाऊ. तापलेल्या विटेला मोकळी हवा लागली की तो जळून जातो आणि मागे उरतो नुसता भुसभुशीत दगड.

तीन दिवसांत मिस्त्रींनी नवी लायनिंग बसवली. मी रोज पोस्टकार्ड घेऊन सांधे तपासले. एकाही सांध्यात शिरलं नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच ते माझ्या हातातून काढून घेतलं. "झिजेल ते," म्हणाले, "भावाचं पत्र आहे."

भट्टी पेटली आणि मी अन्वरभाईच्या मागे लागले. अन्वरभाई म्हणजे मेल्टर, भट्टी चालवणारा. कॅबिनमध्ये बसून वीज कमीजास्त करतो, चुना किती टाकायचा सांगतो.

"मॅडम, मेरे पे शक?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं.

"सगळ्यांवर आहे रे. माझ्यावर पण."

हे मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते.

दर हीटला स्लॅगचा नमुना काढला. लांब चमच्याने बाहेर काढून लोखंडी पत्र्यावर ओतायचा आणि थंड झाल्यावर रंग बघायचा. काळाकुट्ट आणि काचेसारखा असेल तर भुकेलेला. अन्वरभाईचा स्लॅग तपकिरी होता, पोट भरलेला. आर्क बघितला. तो लांब ठेवून भिंत भाजत नव्हता. दार उगाच उघडं ठेवत होता का? नाही. एक खोड सापडली. चुना. गोदामात पोती उघडी पडायची, चुना हवेतली ओल पिऊन पीठ व्हायचा, आणि त्यातला निम्मा धुरासकट वर उडून जायचा. मी हे वहीत लिहिलं. पण एवढ्याने लायनिंग अर्धी होत नाही. वीस हीट कमी होतील फार तर. ऐंशी नाही.

विटांच्या तपासणीचा रिपोर्टही आला. विटा उत्तम. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आता बोट दाखवायला एकच माणूस उरला होता आणि त्याला तर मी वाचवायला निघाले होते. अकरा दिवस संपले. दिघे साहेब येता-जाता विचारायचे, "मॅडम, भूत सापडलं का?"

बाराव्या दिवशी दुपारी सापडलं.

चाळीस हीट झाल्या की मिस्त्रींचं गनिंग सुरू होतं. भिंत जिथे पातळ दिसेल तिथे मॅग्नेशियाची पावडर पाण्यात भिजवून मशीनच्या नळीने फवारायची, गरम भिंतीवर ती चिकटते आणि भाजून घट्ट होते. भिंतीला मलमपट्टी म्हणा ना. पूर्वी हेच काम मिस्त्री फावड्याने करायचे, कोरडी पावडर नेम धरून फेकायचे. मशीन नवीन आलं होतं, दोन लायनिंगपूर्वी. आमच्याच कंपनीचं. मीच विकलं होतं आणि मीच चालवायला शिकवलं होतं. त्या मशीनने आयुष्य वाढायला हवं होतं, म्हणून संशयितांच्या यादीत ते मी घेतलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हीट ओतून झाली. अन्वरभाईने वीज बंद केली, दार उघडलं. आत भिंती केशरी लाल. मिस्त्री आणि त्यांचे दोन जोडीदार पुढे आले, तोंडाला ओले टॉवेल बांधून. मला वाटलं आता नळी उचलतील. नळी नाही उचलली. त्यांनी बारा फुटी लोखंडी कांब उचलली. कांबेच्या टोकाला हाताच्या पंजाएवढी पोलादी पट्टी वेल्ड केलेली. आणि दारात उभं राहून, दोघांनी मागून रेटत, मिस्त्री भिंत खरवडायला लागले.

खर्र, खर्र. स्लॅगची साय सोलून खाली पडत होती. तिच्याबरोबर विटेचं तोंडही निघत होतं. सात-आठ मिनिटं त्या धगीत उभं राहून या माणसाने भिंत लख्ख केली. मग नळी घेऊन त्यावर व्यवस्थित फवारा मारला. मला दारामागची ती हातभर भिंत आठवली. दारात उभं राहिलं की कांब तिथे वळत नाही. म्हणून तिथली साय शाबूत आणि वीटही शाबूत.

मला लहानपणीचं आठवलं. गुडघा फुटला की मी खपली काढत बसायचे. आई ओरडायची, "खपली काढू नको गो, आपसूक पडतली." भट्टीच्या भिंतीवरची स्लॅगची साय म्हणजे खपलीच. भिंतीवर थिजली की तोच वैरी राखणदार होतो. ती आहे तोवर आतल्या विटेला हवा लागत नाही, ग्राफाइट जळत नाही. हे लोक दर गनिंगला खपली काढत होते, उघड्या जखमेला हवा दाखवत होते आणि मग वरून मलम लावत होते. ते मलम दोन हीटमध्ये गळून पडत होतं. मग पुन्हा खरवड, पुन्हा मलम. जेवढी मेहनत जास्त, तेवढी भिंत पातळ.

मिस्त्री बाहेर आले. टॉवेल सोडला. घामाने शर्ट काळा झालेला. पण चेहऱ्यावर समाधान.

"बघितलं मॅडम? एक कण ठेवला नाही."

"मिस्त्री, हे खरवडायचं कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच वेडी आहे.

"तुम्हीच."

"मी?"

"डेमोला. यार्डात जुन्या विटांची भिंत उभी केली होती ना? दिघे साहेब होते, तुमचे प्रधान सर होते. तुम्ही माझ्या हातातला तारेचा ब्रश घेतला. भिंत घासली चांगली, दोन-तीन मिनिटं. मग फवारा मारला आणि म्हणालात, आता बघा कसं धरतं. मस्त धरलं." ते कांबेकडे वळले. "आता आत ब्रश कसा जाणार? जळून जाईल. म्हणून मी फिटरकडून ही पट्टी लावून घेतली. तीन पट्ट्या वाकल्या आधी. ही चौथी. झकास आहे."

मी खाली बसले. खरंच बसले, तिथल्या विटांच्या ढिगावर. सगळं आठवलं. यार्डातली भिंत धुळीने माखलेली होती. धुळीवर फवारा मारला असता तर सगळ्या साहेब लोकांसमोर गळून पडला असता. डेमो फसू नये म्हणून मी घासली. त्याचा भट्टीशी काही संबंध नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. आणि हा माणूस उभ्या आयुष्यात जे बघेल ते तंतोतंत उचलणारा. त्यात घराला रंग देतानाही रंगारी लोक आधी जुना रंग खरवडतात, नाहीतर नवा धरत नाही. त्यांच्या हाताला ते पटलं.

"अडतीस वर्षांत कधी खरवडली होती का भिंत?" मी विचारलं.

"कधीच नाही. मला पण पहिल्यांदा खटकलं. पण म्हटलं, मशीन नवीन, माल नवीन, पद्धत पण नवीन असेल. तुम्ही शिकलेली माणसं."

मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की त्यांना पूर्ण सांगायलाही धीर होईना. शेवटी सांगितलं. ते ऐकत राहिले. कांब भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मीच खाल्ली भट्टी."

"तुम्ही नाही. मी."

"हात माझाच होता ना."

भांडुपहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये बसूनच प्रधान सरांना फोन लावला. प्रधान सर माणूस वाईट नाही. पण विकणारा माणूस.

"वंदना, तू वहीत चुन्याचं लिहिलंयस ना?"

"हो. पण तो मुख्य..."

"ऐक तर. चुना खराब आहे हे खरंय ना? मग मीटिंगमध्ये चुना सांग. मिस्त्रीला गुपचूप सांग की खरवडू नको. लायनिंग चालेल, मिस्त्री वाचेल, विटा वाचतील, तू वाचशील. कुणाचं काय जातं?"

खोटं कशाला सांगू, मोह झाला. सगळ्यांचं भलं होत होतं. घाटकोपर आलं, मी फोन कानाला धरूनच उतरले. मग अन्वरभाईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चुना त्याच्या खात्यातला. दिघे साहेब त्याला सोडणार नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोर मीच.

"सर, अन्वरभाईचं काय?"

"अगं, त्याला थोडं बोलणं बसेल."

"आणि बाकीच्या पाच ठिकाणी आपण हाच डेमो दिलाय. ब्रश मारून. तिथेही कुणीतरी खरवडत असेल."

हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. खरं तर दोन मिनिटांपूर्वीपर्यंत माझ्याही नव्हतं.

"मीटिंगमध्ये कंपनीचं नाव खराब करणार तू," ते म्हणाले.

"माझं करीन. कंपनीचं नाही."

"तुझं आणि कंपनीचं वेगळं कुठे असतं?" म्हणाले आणि फोन ठेवला.

मीटिंगला दिघे साहेब, अन्वरभाई, गायकवाड मिस्त्री आणि मी. प्रधान सरही आले होते, कोपऱ्यात हाताची घडी घालून. मी फोटो टेबलावर मांडले. दारामागची जाड वीट, बाकीची पातळ वीट. दहा मिनिटांत सगळं सांगितलं. डेमोतला ब्रशही सांगितला.

दिघे साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मॅडम, माझ्या दोन लायनिंग तुमच्या ब्रशने खाल्ल्या."

"हो साहेब."

"आणि मी या माणसाला घरी पाठवत होतो."

"हो साहेब."

एवढ्यात मिस्त्री उठले. अशा मीटिंगमध्ये ते कधी बोलत नाहीत. खरं म्हणजे त्यांना कुणी बोलावतच नाही, मी हट्टाने बोलावलं होतं.

"साहेब, ब्रश मॅडमचा, पण पट्टी मी बनवली. मला खटकलं होतं आणि मी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. ही माझी चूक. मॅडमना एकट्यांना धरू नका. आणि ही लायनिंग चालू आहे, एकदाच खरवडलीय. आता भिंतीला हात लावणार नाही, नुसता फवारा मारीन. किती जाते ते बघा आणि मग काय ते ठरवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, वाहू दिलं. माझ्या नोकरीत मी एवढ्या अभिमानाने कधीच बसले नव्हते, आणि बसले होते ते आरोपी म्हणून.

दिघे साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग अन्वरभाईकडे वळून म्हणाले, "चुन्याच्या पोत्यांवर उद्यापासून ताडपत्री." आणि मिस्त्रींना म्हणाले, "चालवा. बघू." तळोज्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

भट्टीशेजारच्या लोखंडी खांबावर मिस्त्री खडूने हीटचा आकडा लिहितात. पहिल्यापासूनची सवय. मी आठवड्यातून दोनदा भांडुपला जायचे, आधी खांब बघायचे. ऐंशी. शंभर. एकशे दोन आला त्या दिवशी अन्वरभाईने कॅबिनमधून हात वर केला. एकशे ऐंशीला दिघे साहेब स्वतः खांबाजवळ उभे दिसले, मला बघून निघून गेले. भिंतीवर साय अशी चढली होती, तपकिरी, जाड, चकचकीत. मिस्त्री दारात उभे राहून तिच्याकडे बघायचे आणि पातळ जागा दिसली की तेवढ्यापुरता फवारा मारायचे.

दोनशे चौदाला त्यांनीच थांबवली. दिघे साहेब म्हणाले, अजून दहा निघतील. मिस्त्री म्हणाले, "निघतील. पण नको. आता ती थकलीय." आणि साहेबांनी ऐकलं. एवढा मोठा आकडा त्या भट्टीने पूर्वी कधी दाखवला नव्हता. भट्टी थंड झाल्यावर आम्ही तिघं आत गेलो. मिस्त्रींनी खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि उरलेल्या एका सांध्याला लावलं. शिरलं नाही. ते त्यांनी दिघे साहेबांच्या हातात दिलं. "तुम्ही बघा," म्हणाले. साहेबांनी हेल्मेट काढून दोन-चार सांध्यांना लावून बघितलं. मग म्हणाले, "गायकवाड, माझं चुकलं." तेवढंच म्हणाले, पण त्या माणसाच्या तोंडून तेवढंसुद्धा मी पहिल्यांदा ऐकलं.

ठरलेले सात महिने भरल्यावर मिस्त्री रिटायर झाले, मानाने. परभणीहून भाऊ आला होता निरोप समारंभाला. त्याने खांबावरचा २१४ आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला. तो आकडा अजून कुणी पुसलेला नाही, नवे आकडे त्याच्याखाली लिहितात.

आमच्या पाच जागांपैकी दोन ठिकाणी खरवडणं चालू होतं. दोन्ही ठिकाणी अशीच मेहनती माणसं. प्रधान सरांनी मला मेमो दिला. आणि आठवडाभराने म्हणाले, डेमो आता भट्टीतल्या साय चढलेल्या विटेवर द्यायचा, ब्रश ऑफिसात ठेवायचा. मी म्हटलं, माझी एक अट आहे, डेमोला गायकवाड मिस्त्री हवेत.

आता कंपनी त्यांना बोलावते. डहाणूपर्यंत जाऊन आलोत आम्ही. मिस्त्री साय चढलेली वीट हातात घेतात, सगळ्यांना फिरवून दाखवतात आणि सांगतात, "ही खपली काढायची नाही. आमच्या मॅडमनी एकदा ब्रश मारला होता, त्यात दोन लायनिंग गेल्या. विचारा त्यांना."

लोक माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. दर वेळी.

शिकवणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. तोंडाने काय सांगितलं ते लोक विसरतात, हाताने काय केलं ते आयुष्यभर लक्षात ठेवतात. आणि समोरचा जितका चांगला कारागीर, तितकी तुमची चूक तो चांगली करतो.